कोईम्बतूरची रेस आणि निलगिरीचा घाट एकाच ट्रिपमध्ये: ठाणे-नवी मुंबईच्या जोड्यांसाठी पायरीपायरीने

गाडीत दोन सायकली टाकायच्या, कोईम्बतूरला करी मोटर स्पीडवे या ट्रॅकवर गाड्यांची रेस बघायची आणि तिथून पुढे निलगिरी चढायचा, हा प्लॅन एकदा डोक्यात बसला की निघत नाही. पण जे जे करून आले त्यांच्याशी बोलले की तीच चूक पुन्हा पुन्हा ऐकायला मिळते. दोन दिवसांत तेराशे किलोमीटर गाडी मारली, शनिवार-रविवार उन्हात रेस बघितली आणि सोमवारी पहाटे थेट घाट. मग अर्ध्या घाटात एकाच्या पायाला गोळे, दुसऱ्याचं डोकं ठणकतंय आणि दोघंही एकमेकांवर वैतागलेले. दुसरा प्रकार म्हणजे आधी उटीला जाऊन मनसोक्त सायकल चालवली आणि रेससाठी खाली उतरले तर राउंडच, म्हणजे सीझनमधली त्या वेळची रेसच, दुसऱ्या ट्रॅकला गेलेला.

दोन्ही ठिकाणी तब्येत किंवा सायकल कमी पडलेली नाही, क्रम चुकलेला आहे. म्हणून क्रमानेच लिहिते.

## १. आधी रेस पक्की करा, मग सुट्टी टाका

राष्ट्रीय रेसिंगचा सीझन साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये असतो आणि राउंड कोईम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट यांच्यात वाटले जातात. ‘यावर्षी कोईम्बतूरला रेस आहे’ एवढ्यावर हॉटेल बुक करू नका, कुठला राउंड, कुठल्या तारखेला, कुठल्या ट्रॅकवर हे तिन्ही बघा. आयोजकांचं अधिकृत पेज आणि एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं) कॅलेंडर दोन्ही तपासा, कोणीतरी फॉरवर्ड केलेलं पोस्टर धरून चालू नका. तारखा आणि ठिकाणं ऐनवेळी बदलतात.

मग सुट्टीचा हिशेब. माझ्या मते बारा दिवस हवेतच: तीन जायला, दोन रेसचे, एक मधला आरामाचा, तीन डोंगरातले, तीन परतीचे. एवढी सुट्टी मिळत नसेल तर शनिवारची रेस सोडा, डोंगरातला एखादा दिवस सोडा, पण आरामाचा दिवस सोडू नका.

चेक: कोईम्बतूरचं हॉटेल फुकट रद्द होणारं आहे का? नसेल तर दुसरं शोधा.

## २. पाऊस बघा, आणि तो आपल्याकडचा पाऊस नाही हे लक्षात ठेवा

आपल्याला सवय अशी की गणपती गेले की पाऊस संपत आला. निलगिरीच्या पूर्व बाजूला, म्हणजे कोटगिरी-कुन्नूरच्या अंगाला, खरा जोर ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मान्सूनमध्ये असतो, आणि त्याच दिवसांत कुन्नूर आणि कोटगिरीच्या घाटात दरडी येतात. तेव्हा राउंड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असेल तर हवामान खात्याचा निलगिरी जिल्ह्याचा इशारा रोज बघायचा.

सावधान: ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर घाट रद्द, ‘जाऊन बघू, नाही जमलं तर परत येऊ’ हे घाटात चालत नाही कारण दरड आली की पुढे आणि मागे दोन्हीकडे अडकायला होतं. अशा वेळी कोईम्बतूरमध्येच एखादा दिवस थांबा.

## ३. कोण काय करणार, घरीच ठरवा

बहुतेक जोड्यांमध्ये एकाला रेसचं वेड असतं आणि एकाला सायकलचं, आमच्याकडे नवरा इंजिनाच्या आवाजावर जगणारा आणि घाट बघून पाय शिवशिवतात ते माझे. त्यात काही वाईट नाही, पण दोघांनाही सगळं सारखंच आवडेल असं धरून प्लॅन केला की तिसऱ्या दिवशी कुरबुर सुरू होते. एका रात्री जेवणानंतर बसा आणि पुढच्या गोष्टी स्पष्ट बोलून घ्या.

दोघंही चढणार की एकजण चढणार आणि दुसरा गाडी आणणार? दोघंही चढणार असाल तर गाडीचं काय? सोपे पर्याय दोन. एक, मेट्टुपाळयमच्या लॉजवर गाडी ठेवून दोघांनी चढायचं, वर मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी बसने खाली येऊन गाडी न्यायची. दुसरा, अर्धा घाट एकाने आणि अर्धा दुसऱ्याने चढायचा, गाडीची अदलाबदल करत. नवीन जोडीने दुसराच घ्यावा असं मी सांगेन, कारण पाणी, खाणं, कोरडे कपडे सगळं जवळ राहतं आणि कोणाला थांबावंसं वाटलं तर लाज वाटत नाही.

आणि एक नियम पक्का करा: दोघांपैकी कोणीही ‘बस, आता थांबू’ म्हटलं की थांबायचं, त्या क्षणी वाद घालायचा नाही, ‘अगं अजून थोडंच राहिलंय’ नाही आणि ‘एवढ्यासाठी आलो का आपण’ पण नाही.

## ४. सराव: ठाण्याच्या पावसात घाटाची तयारी

इथे खरी अडचण अशी की रेसचा सीझन पावसाळ्याच्या उत्तरार्धातच सुरू होतो, म्हणजे सरावाचे महिने बहुतेक जून ते सप्टेंबरमधलेच. येऊरचा चढ चांगला आहे पण पावसात वळणांवर शेवाळ आणि पानं पडलेली असतात, चढताना ठीक, उतरताना घसरता. पाम बीच रोडवर किलोमीटर भरतात, दम भरत नाही, तो सपाट आहे. तिथे किती पण सरासरी स्पीड आला तरी घाटाशी त्याचा संबंध नाही हे बऱ्याच जणांना पटत नाही.

कोटगिरीचा घाट किती आहे ते बघा. मेट्टुपाळयम समुद्रसपाटीपासून साधारण सव्वातीनशे मीटरवर, कोटगिरी अठराशे मीटरच्या आसपास, अंतर ३३ किलोमीटर. सरासरी साडेचार टक्के वाटते, पण सुरुवातीचे काही किलोमीटर जवळपास सपाट सुपारीच्या बागांमधून जातात, त्यामुळे खरा चढ सरासरीपेक्षा जास्त आहे. नवख्याला तीन-साडेतीन तास सहज लागतात. एवढा लांब चढ आपल्याकडे जवळपास कुठेच नाही, म्हणून तयारी तीव्रतेची नको, सलग बसून पेडल मारण्याची हवी.

किमान आठ आठवडे द्या. आठवड्यातून दोनदा घरी ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड), पुढच्या चाकाखाली दोन-तीन इंचाची फळी किंवा जाड पुस्तकं ठेवून, म्हणजे चढावर बसल्यासारखी पाठ राहते, आधी ४० मिनिटं मग वाढवत सव्वा तास, न थांबता. एकदा येऊर किंवा बेलापूरकडची पारसिक टेकडी, वर-खाली वर-खाली. पाऊस ओसरला की एखाद्या सकाळी नेरळहून माथेरानचा रस्ता, दस्तुरी नाक्यापर्यंत. तो कोटगिरीपेक्षा बराच उभा आहे पण छोटा, तिथे गिअर कमी पडतो का ते लगेच कळतं.

चेक: बोलता बोलता सलग दोन तास पेडल मारता येतंय का? धाप लागून वाक्य तुटत असेल तर वेग कमी करा, घाटात याच वेगाने जायचंय.

दमा, बीपी किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही ट्रिप नको, हे दोघांनाही लागू.

## ५. सायकल: गिअर आणि ब्रेक, बाकी नंतर

लोक जर्सी आणि चष्म्यावर पैसे घालतात आणि मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, ११-२५ ची तशीच ठेवतात. रोड बाईक असेल तर पुढे लहान चेनरिंग (पेडलजवळची चकती) ३४ दातांची आणि मागे ३२ किंवा ३४ पर्यंतची कॅसेट लावून घ्या. मोठी कॅसेट लावताना मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ती घेतो का आणि चेनची लांबी पुरते का हे मेकॅनिककडून बघून घ्या, नाहीतर सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन ताणून डिरेलरच तुटतो. एमटीबी किंवा हायब्रिड असेल तर गिअरची काळजी नाही, फक्त टायर नीट बघा.

ब्रेक पॅड नवीन टाका, आणि निघायच्या आदल्या दिवशी नको, दोन आठवडे आधी म्हणजे ते बसतात. सोबत स्पेअर ट्यूब तीन, टायर लिव्हर, पंप, मल्टीटूल, चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला धरणारा तुकडा). हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, वाटेत कुठे मिळेल या भरवशावर राहू नका.

## ६. सायकली गाडीत कशा न्यायच्या

याच्यावर सगळ्यात जास्त प्रश्न येतात म्हणून थोडं सविस्तर.

माझं मत स्पष्ट आहे: दोघंच जाताय, मागची सीट रिकामी आहे, मग सायकली आतच टाका. हॅचबॅक किंवा छोट्या एसयूव्हीत मागची सीट पाडून आणि दोन्ही चाकं काढून दोन सायकली बसतात, पाऊस लागत नाही, धूळ लागत नाही, जेवायला थांबलात तर डोळा ठेवावा लागत नाही. सामान कमी करावं लागतं, ते तसंही करायलाच हवं.

आत टाकताना क्रम असा. आधी सायकल धुऊन चेन पुसून घ्या. पुढचं-मागचं चाक काढा, डिस्क ब्रेक असेल तर लगेच पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकचा स्पेसर घाला, तो नसताना चुकून लिव्हर दाबला की पॅड चिकटतात आणि चाक परत जात नाही. फोर्क आणि मागच्या बाजूला डमी अ‍ॅक्सल किंवा घट्ट बसणारा लाकडाचा तुकडा लावा म्हणजे दाबाने वाकणार नाही. पहिली सायकल डिरेलर वर येईल अशी आडवी, तिच्यावर जुनी गोधडी, मग दुसरी. शेवटी पट्ट्याने सीटच्या हुकांना बांधा, कारण जोरात ब्रेक मारला की सुटी सायकल पुढच्या सीटवर येते.

बाहेरच लावायची असेल तर मागच्या दारावरच्या पट्टेवाल्या रॅकपेक्षा छतावरचा रॅक मला जास्त भरवशाचा वाटतो, पण त्याच्या दोन अटी आहेत. तुमच्या गाडीच्या छताचं वजनाचं लिमिट मॅन्युअलमध्ये बघा, आणि डॅशबोर्डवर सायकलसकट गाडीची उंची मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. सोसायटीचं बेसमेंट, मॉलचं पार्किंग, हॉटेलची कमान, सायकल वर आहे हे माणूस विसरतो आणि आत घुसतो.

मागचा रॅक लावलात तर चार गोष्टी बघा:

- नंबर प्लेट आणि टेललाइट झाकले जात नाहीत ना. झाकले तर पोलीस अडवणारच आणि मागच्या गाडीला तुमचा ब्रेक दिसणार नाही, ते जास्त वाईट.
- हुक प्लॅस्टिकच्या स्पॉयलरवर किंवा काचेवर नाहीत ना.
- सायकलचं टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येत नाही ना. लांबच्या प्रवासात गरम धुराने टायर खरंच वितळतं.
- आतल्या सायकलचं पेडल काचेला लागत नाही ना. लागत असेल तर काढून ठेवा.

कापडी कव्हर घालून गाडी चालवू नका, ते वाऱ्याने फुगतं आणि पट्टे सैल होतात. बाटल्या, पंप, लाइट, सॅडल बॅग काढून आत ठेवा.

चेक: घोडबंदर रोडवर किंवा सायन-पनवेल हायवेवर तासभर ट्रायल मारा, मग पट्टे बघा. एक तरी सैल झालेला असतोच. प्रवासातही पहिल्या ३० किलोमीटरनंतर एकदा आणि मग प्रत्येक चहाला बघायचं.

## ७. ई-पास, प्लॅस्टिक आणि कागद

निलगिरी जिल्ह्यात बाहेरच्या गाडीला ई-पास लागतो, मे २०२४ पासून मद्रास हायकोर्टाच्या आदेशाने. तामिळनाडू सरकारच्या ई-पास पोर्टलवर गाडीचा नंबर, माणसं, येण्या-जाण्याच्या तारखा आणि मुक्कामाचा पत्ता भरून काढायचा. गर्दीच्या सीझनमध्ये रोजच्या गाड्यांना मर्यादाही घालतात, त्यामुळे चेकनाक्यावर उभं राहून काढू म्हणू नका. रेसची तारीख बदलली तर पासची तारीख पण बदलावी लागते, हे बरेच जण विसरतात.

दुसरं, निलगिरीत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर बंदी आहे, पाण्याच्या बाटल्यांसकट, आणि नाक्यावर गाडी तपासतात. आपण ठाण्यातून बिसलेरीचा बॉक्स टाकून निघतो, तो तिथे काढून घेतात आणि दंड पण होतो. स्टीलच्या बाटल्या, एक मोठा जार आणि सायकलच्या बाटल्या घ्या.

लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी डिजिलॉकरमध्ये आणि एक झेरॉक्स सेट गाडीत. सायकलीच्या बॉटम ब्रॅकेटखालचा (पेडलचा दांडा फ्रेममध्ये बसतो तिथला) सिरियल नंबर आणि बिल यांचा फोटो काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा, चोरी झाली तर तक्रारीत तोच कामाला येतो.

## ८. जातानाचे तीन दिवस

पहिला दिवस ठाणे ते हुबळी, साडेपाचशेच्या वर. दुसरा हुबळी ते कृष्णगिरी, पाचशेच्या आसपास. तिसरा कृष्णगिरी ते कोईम्बतूर, सेलममार्गे पावणेतीनशे. सरळ बुधवारी निघा, शुक्रवारी दुपारी पोचाल.

पहाटे साडेचारला निघा म्हणजे पुणे बायपास उजाडायच्या सुमारास मागे पडतो. सातारा-कोल्हापूर-कागल भागात रुंदीकरणाची कामं आणि डायव्हर्जन असतील तर तिथे वेळ जातो, त्याचा हिशेब धरा. बेंगळुरूत आत शिरू नका, तुमकूर रोडवरून नाइस रोड धरून थेट होसूर रोडला निघा. दर दोन तासांनी ड्रायव्हर बदला, जो चालवत नाहीये त्याने पाय पसरून झोपावं, फोनवर रील बघू नये, कारण पुढचे चार दिवस झोपेचं भांडवल लागणार आहे.

सावधान: रात्री गाडी नको. मागे सायकली लावलेल्या असतील तर अजिबात नको.

चेक: शुक्रवारी हॉटेलवर पोचलात की सायकली खोलीत किंवा कुलूपबंद जागेत न्यायची परवानगी आधीच फोनवर घेतलेली असावी. पार्किंगमध्ये ठेवून वर जाऊ नका.

## ९. रेसचे दोन दिवस

ट्रॅक शहराच्या दक्षिणेला चेट्टीपाळयमला आहे, लांबी दोन किलोमीटरच्या थोडी वर. छोटा असल्यामुळे एका जागी उभं राहून बराच भाग दिसतो, आणि पहिल्यांदा रेस बघणाऱ्यासाठी हे फार चांगलं, मोठ्या सर्किटवर गाड्या येतात जातात आणि मधला वेळ काहीच कळत नाही.

काही राउंडना एंट्री फुकट असते, काहींना तिकीट, आयोजक जाहीर करतात तसं. शुक्रवारी प्रॅक्टिस, मग क्वालिफायिंग आणि रेस. एकच दिवस जमणार असेल तर रविवार घ्या, बहुतेक शेवटच्या रेस तेव्हा असतात. दोन दिवस असतील तर शनिवारी सकाळी क्वालिफायिंग चुकवू नका, कोण पुढून सुरुवात करणार हे तिथे ठरतं आणि ते बघितलं की रविवारची रेस समजायला लागते.

जागा निवडताना लोक सरळ रस्त्याच्या मध्यभागी उभे राहतात कारण तिथे वेग जास्त. तिथे फक्त आवाज आणि रंगाचा पट्टा दिसतो. लांब सरळ भाग संपून जोरात ब्रेक लागतो त्या वळणाजवळ बसा, ओव्हरटेक तिथेच होतात, गाडीचं नाक खाली जाताना दिसतं, कोण उशिरा ब्रेक लावतोय ते कळतं. जोडीतल्या ज्याला रेसमध्ये रस नाही त्याला तर तिथेच बसवा, तासाभरात त्याचा पण कोणीतरी आवडता ड्रायव्हर होतो.

फ्लॅग एवढे माहीत असू द्या: पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, वाट दे. चौकटीचा म्हणजे संपलं.

सोबत घ्यायचं: इअरप्लग दोघांना, कापूस नाही, खरे फोमचे. टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, सनस्क्रीन, पाणी आणि ओआरएस. छत्री उघडू नका, मागच्यांना दिसत नाही. ड्रोन घरीच ठेवा.

सावधान: फोटोसाठी कुंपणाला टेकायचं नाही, बॅरियर ओलांडायचा नाही, मार्शलने हटवलं तर लगेच हटायचं.

आणि सायकलवाल्या माणसासाठी खास: हे दोन दिवस पाणी कमी प्यायलात तर त्याची किंमत घाटात मोजाल. लघवीचा रंग गडद दिसला तर संध्याकाळी भरपूर प्या. रविवारी रात्री रेस संपल्याच्या आनंदात पार्टी नको.

## १०. सोमवार: काहीच करायचं नाही

उशिरा उठा, कपडे धुवा, सायकली जोडा आणि हॉटेलच्या गल्लीत गिअर-ब्रेक तपासा. प्रवासात हँगर वाकलेला असेल तर तो आजच कळला पाहिजे, कोईम्बतूरमध्ये चांगली सायकलची दुकानं आहेत, घाटात नाहीत. दुपारनंतर मेट्टुपाळयमला जा, ४० किलोमीटरच्या आत आहे. नऊला झोप.

## ११. मंगळवार: मेट्टुपाळयम ते कोटगिरी

वर जायला दोन रस्ते. कुन्नूरचा घाट १४ हेअरपिनचा (यू-आकाराच्या वळणांचा), प्रसिद्ध, पण बस आणि टुरिस्ट गाड्यांची गर्दी तिथेच. सायकलला कोटगिरीचाच घ्या. उन्हाळी सीझनमध्ये खाली येणाऱ्या गाड्या कोटगिरीमार्गे वळवतात, तेव्हा हे गणित उलटं होतं, पण रेसच्या महिन्यांत सहसा तो प्रश्न येत नाही.

नीट उजाडल्यावरच निघा, अंधारात नाही. घाटाच्या खालच्या भागात, कुंजापनैच्या आसपास, हत्तींचा वावर आहे. हत्ती दिसला तर थांबा, मागे फिरा, एखाद्या गाडीच्या आडोशाला जा, फोटो काढायला पुढे जाऊ नका आणि बेल वाजवू नका. समोरून बस थांबलेली दिसली तर त्यामागे कारण असतं.

पहिले सपाट किलोमीटर हळू. हीच ती जागा जिथे घाट बिघडतो: पाय ताजे असतात, हवा थंड असते आणि आपण पाम बीचच्या वेगाने सुटतो. हलका गिअर गरज पडायच्या आधी टाका, पेडलचा लय मिनिटाला ७० च्या आसपास ठेवा, उभं राहून कमीत कमी चालवा. दर १५ मिनिटांनी दोन घोट, दर ४० मिनिटांनी काहीतरी पोटात: खजूर, केळं, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. कागद-रॅपर खिशात.

गाडीवाल्यासाठी: सायकलच्या मागे पार्किंग लाइट लावून रांगत येऊ नका, मागे बसची रांग लागते आणि लोक चिडून वळणावर ओव्हरटेक करतात, म्हणजे ज्याला वाचवायला मागे आलात त्यालाच धोका. ५-६ किलोमीटर पुढे जा, रुंद जागा बघून रस्त्याबाहेर थांबा. घाटात मोबाइलची रेंज जाते, म्हणून आधीच ठरवा: ठरलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशीर झाला की गाडी मागे फिरणार. आणि घाटात चढणाऱ्या वाहनाला पहिला हक्क, हे गाडी खाली नेताना लक्षात ठेवा.

अदलाबदल करताना आधी कोरडा टी-शर्ट, मग पाणी, मग गप्पा. घामाने भिजलेला माणूस वर थंडीत पाच मिनिटांत कुडकुडतो. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे खाली घाम निघत असताना कोटगिरीत जॅकेट लागतं.

चेक: कोटगिरीत पोचल्यावर दोघांनी जेवून दुपारी झोपायचं. डोकं जड वाटत असेल तर पाणी, आराम, आज पुढे जायचं नाही.

## १२. बुधवार आणि गुरुवार: दोड्डाबेट्टा

बुधवारी कोटगिरीतच चहाच्या मळ्यांमधून तासभर हलकी सायकल, बस. आपण समुद्रकाठची माणसं, अठराशे मीटरवर एक पूर्ण दिवस दिला की गुरुवारी श्वास वेगळा लागतो.

गुरुवारी कोटगिरी-उटी रस्त्याने वर. दोड्डाबेट्टा २,६३७ मीटर, निलगिरीतलं सगळ्यात उंच शिखर, उटी त्याच्या खाली २,२४० वर. म्हणून हा रस्ता कोटगिरीकडून केला की आधी चढ आणि मग उतार, उटीकडून उलटं करू नका. फाट्यावरून शिखराकडे जाणारे शेवटचे तीनेक किलोमीटर उभे आहेत आणि तो रस्ता वनखात्याच्या ताब्यात आहे, चालू आहे का आणि सायकल सोडतात का हे आदल्या दिवशी हॉटेलवर विचारून घ्या. नसेल सोडत तर फाट्यापर्यंतच जा, तेवढं पण भरपूर आहे.

इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन चतुर्थांशाच्याही खाली जातो. त्याच मेहनतीत वेग कमी येणार, हृदयाचे ठोके जास्त पडणार, ते बघून जोर लावू नका. ऊन थंड वाटतं पण भाजतं, सनस्क्रीन परत लावा. गंभीर उंचीचा त्रास या उंचीला क्वचित होतो, तरी डोकेदुखीसोबत मळमळ किंवा चक्कर आली तर गाडीत बसून खाली यायचं, गोळी घेऊन पुढे नाही.

उटीकडे उतरताना विंडचीटर आधी घाला, मग निघा. ब्रेक सतत दाबून धरू नका, वळणाच्या आधी जोरात दाबा, वळणात सोडा, दोन्ही ब्रेक वापरा. रिम ब्रेकवाल्यांनी मध्ये थांबून रिम हाताजवळ नेऊन बघा, गरम वाफ जाणवली तर पाच मिनिटं थांबा.

## १३. परत

उटीतून मैसूरकडे सकाळी निघा. मुदुमलाई-बंदीपूरचा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. नकाशा तुम्हाला कल्हट्टीच्या ३६ हेअरपिनवरून मसिनागुडीला उतरवायला बघेल कारण ते अंतर कमी आहे, पण बाहेरच्या गाड्यांना तिथून खाली जायला सोडत नाहीत, नाक्यावरून परत यावं लागतं. गुडलूरमार्गेच जा. घाटभर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये, ब्रेकचा जळका वास आला तर थांबून गार होऊ द्या.

सावधान: जंगलाच्या पट्ट्यात सायकल चालवायची नाही, गाडी थांबवायची नाही, माकडांना खायला द्यायचं नाही.

एक मुक्काम मैसूर, एक हुबळी, तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठाणे. घरी आल्यावर त्याच आठवड्यात सायकलची चेन आणि ब्रेक पॅड बघा, घाटात पॅड भरभर झिजतात. गाडीचे ब्रेक आणि टायर पण एकदा दाखवून घ्या, आणि बाहेर लावलेला रॅक असेल तर तो काढून ठेवा, रोजच्या धावपळीत तसाच राहिला तर पट्टे उन्हाने कुजतात.